उद्या दुपारी येतो म्हणून सांग

फुटबॉल मी लोणावळ्यात शिकलो. मामा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये इंजिनं साफ करणारे खलाशी होते आणि इंग्रजीच्या पहिल्या यत्तांसाठी वडिलांनी मला सोमाटण्याहून त्यांच्याकडे धाडलं होतं. शेडच्या मागच्या मैदानावर गोरे ड्रायव्हर आणि गार्ड संध्याकाळी खेळायचे. त्यांचा एखादा गडी कमी पडला की ते आमच्या चाळीतल्या कुणाला तरी आत घ्यायचे. मला चेंडूतलं काही कळत नव्हतं, पण पळता येत होतं. मावळात चढ-उतारावर वाढलेल्या माणसाला सपाट मैदान म्हणजे सुखच. दोन वर्षांत ते मला नेमाने बोलावू लागले, आणि उजव्या कडेने चेंडू घेऊन निघालो की बुटातले ते लोक मागे राहू लागले.

पुढे पुण्याला मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो. गणितात मला गती होती. इंटरला मी वर्गात पहिला आलो आणि मला शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या गावातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील तळेगावच्या बाजारात कुणालाही थांबवून सांगायचे, "पोरगं पुण्यात शिकतंय." मी फुटबॉल खेळतो हे मात्र ते कुणाला सांगत नसत. शिकायला गेलेल्याने पळत का सुटावं, हे त्यांना कधीच पटलं नाही.

ते पटलं होतं फक्त आक्काला.

आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घरातली चूल, गोठा आणि मी, तिन्ही तिच्या अंगावर पडली. मी जरा हाताशी येईतो वडिलांनी तिचं लग्न लांबवलं, म्हणून गावात त्यांना बोलही लावला गेला. मग तिला तिकोणा पेठेत दिलं. वरात निघाली तेव्हा मी बैलगाडीच्या मागे पवनेच्या काठापर्यंत रडत गेलो होतो म्हणे. मला ते आठवत नाही. सुट्टीत मी तिच्याकडे गेलो की ती आधी माझे पाय बघायची. अनवाणी खेळून नखं काळी पडलेली असत. ती हळद-तेल कोमट करून लावायची आणि विचारायची, "पळतोस तवा कुणी म्होरं जातं का रं तुझ्या?"

"न्हाई."

"मंग पळ."

तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथी मुलगी १९१८ सालच्या चैत्रात झाली आणि जगली. मे महिन्यात मी बघायला गेलो तर आक्का तिला क्षणभर खाली ठेवत नव्हती. भाकरी थापतानासुद्धा पोर मांडीवर.

त्याच सुट्टीत, आणि त्याच्या आदल्या दोन सुट्ट्यांत, मी आमच्या गावाच्या उत्तरेला इंद्रायणीपलीकडच्या डोंगरावर एका ठाकरवाडीत शिकवायला जात असे. दहा-बारा झोपड्या होत्या. हिरडा विकत घेताना मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याला निदान वजनाचे आकडे वाचून दाखवता यावेत, एवढाच माझा हेतू. मुलांबरोबर त्यांचे बापही येऊन बसत. वाडीचा म्हातारा कारभारी सगळ्यात मागे बसायचा आणि आकडा चुकला की स्वतःच्याच कानाला हात लावायचा. कॉलेजात एका प्राध्यापकांना हे कळलं आणि त्यांनी ते प्रिन्सिपॉलच्या कानावर घातलं. तेव्हापासून माझ्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघू लागले. मला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणायचा. भात पोटरीत येण्याआधीच वाळलं. भाद्रपदात आमचा शेवटचा सामना झाला तेव्हा मैदान दगडासारखं टणक होतं. समोरचा संघ लष्करी कॉलेजातल्या धिप्पाड मुलांचा. शेवटची काही मिनिटं उरली असताना आमच्या मधल्या फळीतल्या हाफने चेंडू माझ्या बाजूला सोडला, मी कडेने निघालो आणि कोपऱ्यापाशी न थांबता तसाच आत वळून मारला. गोल झाला. मुलांनी मला उचललं. घामाने डोळे चुरचुरत होते आणि आक्काला हे कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. तिला गोल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

सांगायचं राहून गेलं. चार-पाच दिवसांत साथ आली.

शहरात तिला इन्फ्लुएंझा म्हणत, आमच्याकडे मानमोडी. सकाळी अंग दुखायला लागे, दुपारी माणूस आडवा, आणि काहींच्या ओठांवर निळी झाक आली की तिसऱ्या दिवशी खेळ संपला. म्हातारी आणि लहान मुलं आजारात जातात हे आम्ही पाहिलेलं होतं. ही साथ घरातलं कर्तं माणूस नेत होती. कॉलेज बंद झालं. मी गावी आलो तर सोमाटण्याच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या कुणी दिसेना. वडील बरे होते, बैलांपुढे बसून होते. मला बघून म्हणाले, "कशाला आलास हितं?"

तळेगावच्या दवाखान्यात एकच डॉक्टर होते आणि तेही तापातून नुकते उठलेले. मी जाऊन म्हटलं, मला काही काम द्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू तो खेळणारा ना? मग चालशील. औषध थोडंच आहे, आणि खरं सांगू का, त्याचा फारसा उपयोगही नाही. माणसं ताप येऊन मरतायत तेवढीच पाणी द्यायला कुणी नाही म्हणून मरतायत. घरात सगळी एकदम पडतात. तू जा, पाणी पाज, पेज कर, अंग पुसून काढ."

मग मी पळू लागलो. आधी आमचं गाव, मग आजूबाजूच्या वस्त्या. खांद्याला औषधाची पिशवी, हातात तांदळाची पुरचुंडी. एका घरात पेज चुलीवर ठेवायची, ती शिजेपर्यंत शेजारच्या दोन घरांत पाणी भरायचं, परत येऊन पेज पाजायची, पुढे जायचं. मला वाटू लागलं होतं की मी साथीच्याही पुढे पळू शकतो. एकोणीस-वीस वर्षांचा होतो.

दहाव्या की अकराव्या दिवशी सकाळी मी दवाखान्यासमोर पिशवी भरून घेत होतो. आदल्या दिवशी एका गुराख्याने येऊन सांगितलं होतं, वरच्या ठाकरवाडीत धूर दिसत नाही. एकाही झोपडीतून नाही. डॉक्टर म्हणाले, आज तिकडेच जा, सगळी औषधं घेऊन जा. मी निघणार तोच तिकोणा पेठेचा एक माणूस, दाजींच्या भावकीतला, धुळीने भरलेल्या पायांनी समोर आला.

"तुझ्या घरी गेलतो. तुझं आबा म्हनले हितं गावशील," तो म्हणाला. "भैनीला ताप हाय तुझ्या. दाजीबी पडल्यात. तुला बोलिवलंय तिनं."

माझ्या हातातली पिशवी खाली आली. "लय हाय का?"

"ताप हाय. पर बसून बोलत व्हती. पोरीला पाजत व्हती. म्हनली, त्याला म्हनावं येऊन जा."

बसून बोलत होती. पोरीला पाजत होती. मी मनात वजन केलं, गणितात करतात तसं. इकडे उत्तरेला वाडीत एकही चूल पेटलेली नाही. तिकडे दक्षिणेला आक्का बसून बोलतेय, शेजारपाजार आहे, गाव आहे. वाडीत दिवसभर राहायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, दुपारपर्यंत तिकोणा पेठ. मी म्हणालो, "उद्या दुपारी येतो म्हणून सांग."

त्याने विचारलं, "मी काय सांगू तिला, का न्हाई आला म्हनून?"

"सांग, डोंगरावर सगळी पडलीत. तिला कळेल."

तो गेला. मी त्याच्या पाठीकडे बघितलंही नाही. मला चढ चढायचा होता.

वाडीत पोचलो तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. पहिल्या झोपडीत नवरा-बायको दोघं एका घोंगडीखाली. तिचं अंग गार होतं आणि त्याला ते कळलेलं नव्हतं. तो तिच्याशी बोलत होता. कारभारी म्हातारा झऱ्याच्या वाटेवर पडलेला सापडला, हातात रिकामं मडकं घट्ट धरलेलं. तीन दिवस तो एकटाच सगळ्यांना पाणी देत होता आणि चौथ्या दिवशी वाटेतच कोसळला होता. मी त्याला उचलून आणला तेव्हा तो म्हणाला, "गुरजी, आकडं इसरलो समदं."

झरा खाली होता आणि आटत आलेला. एक मडकं भरायला किती वेळ लागत होता ते मी सांगत नाही. दिवस मावळेपर्यंत सगळ्या झोपड्यांत एकेकदा पाणी झालं, तोवर पहिल्या झोपडीतली माणसं पुन्हा पाणी मागू लागली होती. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मी निघायला हवं होतं. मी काठी हातात घेतली आणि एका झोपडीतून एक बाई रांगत बाहेर आली. मागे तिची दोन मुलं. तिने नुसतं माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं.

मी काठी खाली ठेवली. दुपारपर्यंत थांबू म्हटलं. दुपारी वाटलं, आता निघून तरी पोचेपर्यंत अंधार पडेल. असा तो दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आपल्या पायांवर उभी राहिली, त्यांना पेज करायला दाखवलं आणि मी निघालो.

डोंगर उतरलो, इंद्रायणी ओलांडली, घराकडे वळलो नाही. पवनेच्या काठाने वर निघालो. मी त्या दिवशी जेवढा पळालो तेवढा आयुष्यात कुठल्या मैदानावर पळालो नाही. वाटेतली गावं बंद होती. दोन ठिकाणी नदीकाठी चिता जळत होत्या आणि जवळ कुणी नव्हतं. मी मनात एकच म्हणत होतो, बसून बोलत होती, बसून बोलत होती.

तिकोणा किल्ला डोक्यावर दिसू लागला तेव्हा दुपार झाली होती. आक्काच्या दारात शेजारची एक म्हातारी बसली होती, मांडीवर पोर. मला बघून ती उठली नाही.

"काल आला असतास तर," ती म्हणाली. "काल सांजच्याला गेली. पोरांनी न्हेऊन सोडली नदीला. तुझी वाट बघायची का म्हनून इचारलं समद्यांनी, पर कवर बघायची?"

मी विचारलं, "माझा निरोप पोचला होता?"

"पोचला की. म्हनली, येतो म्हनलाय म्हंजी येतोय. परवा दुपारपास्नं दाराकडं त्वांड करून निजली. त्वांड फिरवलंच न्हाई."

दाजी आत होते. तापात त्यांना मी कोण ते ओळखू येत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं, अंग पुसलं. इतके दिवस हे हातांना सरावाचं झालं होतं, त्यामुळे हात आपोआप चालत होते. आक्काची घोंगडी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

बाहेर पोर रडत नव्हती, हेच भीती वाटण्यासारखं होतं. नुसती तोंड हलवत होती. म्हातारी म्हणाली, "कालपास्नं फडक्यानं पानी पाजतीया. गावात अंगावर पाजनारी एक बी उभी न्हाई. शेरडं आटल्यात. न्हे हिला, बाबा. हितं ठिवलीस तर हीबी जाईल."

तिने दाजींकडे बघेन असं कबूल केलं. मी धोतर फाडून पोरीला छातीशी बांधलं आणि आलो त्या वाटेने निघालो. आता पळता येत नव्हतं, धक्का बसेल म्हणून भराभर चालत होतो आणि दर थोड्या वेळाने वाकून तिचा श्वास बघत होतो. पहिल्या गावात एका दारावर थाप मारली. आतून बाई म्हणाली, "पेठेतनं आलास का? जा, हितं नगं." पुढच्या गावात हाक मारली तर कुणी ओ दिली नाही. त्याच्या पुढे नदीच्या वळणावर, गावापासून दूर, एक छोटी वस्ती होती. एक तरुण बाई दारात बाळाला घेऊन बसली होती. तिच्या अंगावर दूध आहे हे मला लांबूनच दिसलं आणि मी सरळ तिच्यापुढे जाऊन गुडघ्यावर बसलो.

"मावशी, हिला पाजता का?"

ती माझ्याएवढीच असेल. मी तिला मावशी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. "आमी महार हाओत," ती म्हणाली. "तुमाला चालंल का?"

"पाजा," मी म्हणालो. मी धोतराची गाठ सोडली.

तिने स्वतःचं बाळ बाजूला ठेवलं आणि आक्काची पोर घेतली. आधी पोरीला चोखताच येईना. बाईने बोटाने दूध तिच्या ओठांवर लावलं, पुन्हा लावलं. किती तरी वेळाने पोर लागली आणि तिच्या घशाचा आवाज ऐकू आला. मी तिथेच मातीत डोकं टेकून रडलो. तिने मला उठवलं नाही. पोरीचं पोट भरल्यावर म्हणाली, "आजचा दीस ऱ्हावा. वाटंत मरंल." मी राहिलो. दुसऱ्या दिवशी सोमाटण्याला पोचलो. वडिलांनी पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही सांगावं लागलं नाही. वाटेत हिला कुणी पाजलं ते मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या बाईला लुगडं न्हेऊन दे."

लुगडं नेऊन द्यायला मला दीड महिना लागला, कारण त्याच संध्याकाळी मला ताप भरला. मी वाचलो, पोरही वाचली. कसे ते वडिलांनाच माहीत. उठलो तेव्हा दाजी गेल्याचं कळलं. थोडं चालता येऊ लागल्यावर ठाकरवाडीत गेलो. निम्म्या झोपड्यांची दारं काट्यांनी बंद केलेली होती. कारभारी म्हातारा मी निघालो त्याच दिवशी गेला होता. काठीकडे बघणारी ती बाईही गेली होती. तिची मुलं होती.

माघात कॉलेजचं संमेलन झालं. प्रिन्सिपॉलनी माझं नाव पुकारलं आणि वाचायला सुरुवात केली: गणितात प्रावीण्य, मैदानावर विजयी गोल, आणि साथीच्या दिवसांत डोंगरातल्या गोरगरिबांची, स्वतःच्या जिवाची व सुखाची पर्वा न करता केलेली सेवा. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले पाहुणे उभे राहिले. मी व्यासपीठावर उभा होतो. 'स्वतःच्या सुखाची' म्हणजे काय हे त्या सभागृहात एकट्या मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते मानपत्र घेऊन मी गणिताच्या प्राध्यापकांकडे गेलो आणि सगळं सांगून म्हणालो, "सर, हे परत घ्या."

त्यांनी मानपत्र माझ्या हातात परत ठेवलं. मग म्हणाले, "परत घेता येत नाही रे. कॉलेजच्या वार्षिकात नाव छापायला गेलंय." आणि तोंड फिरवून त्यांनी चष्मा पुसला.

पुढच्या पावसाळ्यात मी एकदाच मैदानात उतरलो. मधल्या रेषेवरून चेंडू घेऊन निघालो आणि वीस पावलांत छाती बंद झाली, तोंडाला रक्ताची चव आली. मी चिखलात बसलो. मुलं धावत आली, त्यांना वाटलं पाय मुरगळला. मला मनातून बरं वाटलं, काही अंशी फेड झाल्यासारखं, हे आज लिहून टाकतो. बी.ए. मला दुसऱ्या वर्गात मिळाली. मला विलायतेला पाठवण्याची भाषा करणारे प्राध्यापक पुन्हा तो विषय काढेनात. मी तळेगावात मास्तर झालो आणि वडिलांनी व मी मिळून भाचीला वाढवलं.

ती सोळा वर्षांची असताना, लग्न ठरल्यावर, तिने मला विचारलं, "मामा, आई कशानं गेली ते समद्यांनी सांगितलं. पर लोक म्हनत्यात तुमी यायचं व्हतं, तुमी आला न्हाईत. का?"

मी तिला सगळं सांगितलं. निरोप, वाडी, काठी, दुसरा दिवस. काही गाळलं नाही. ती गहू निवडत होती, तिचे हात थांबले.

"ती वाडीतली वाचली का?"

"काही वाचली."

"तुमी आला असता तर आई वाचली असती?"

"माहीत नाही. पाणी मिळालं असतं. मी दिसलो असतो."

ती उठून आत गेली. लग्नानंतर तिने दोन वर्षं माझ्या घरी पाऊल टाकलं नाही. दिवाळीला न्यायला गेलो तर सासूकडून निरोप येई, कामं आहेत. मी समजायचं ते समजलो, आणि दर वेळी परत येताना वाटायचं, हे बरोबरच आहे, याहून कमी शिक्षा मी कशाला मागू.

तिसऱ्या वर्षी तिला पहिला मुलगा झाला आणि तिने स्वतःहून मला बोलावलं. मी निरोप मिळाल्याबरोबर शाळा सोडून निघालो. स्टेशनवर गाडीला वेळ होता म्हणून तसाच चालत गेलो, मधे मधे छाती धरून थांबत. दारात पोचलो तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मूल माझ्या मांडीवर ठेवलं. त्या दिवशी आक्काचा विषय आमच्यात निघाला नाही. पुढेही कधी निघाला नाही. ती सणाला येते, जेवते, जाते. मला माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही.